ओटीपी आला का?

1 ऑगस्ट 2009च्या आधी भारतात कार्डाने ऑनलाइन खरेदी करायला कार्डावर छापलेले आकडे पुरत. पुढचा नंबर, मुदत आणि पाठीमागचे तीन अंक. हॉटेलात बिल देताना कार्ड दोन मिनिटं दुसऱ्याच्या हाती गेलं, तरी तेवढा मजकूर कुणालाही चिठ्ठीवर उतरवून घेता यायचा. कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक खूण मागितल्याशिवाय ऑनलाइन व्यवहार व्हायला नको, असं रिझर्व्ह बँकेने त्या फेब्रुवारीत बँकांना बजावलं आणि ऑगस्टपासून ते लागू झालं. सुरुवातीला ही खूण म्हणजे ग्राहकाने ठरवलेला पासवर्ड असे, आणि तो हमखास विसरला जाई. पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी रुळला. परदेशी कंपन्यांना हा जादा टप्पा जाचक वाटे. उबरने परदेशातून पैसे वळते करून तो टाळला, तर 2014मध्ये रिझर्व्ह बँकेने तीही वाट बंद केली.

ओटीपी घरोघरी पोचला तो मात्र वेगळ्याच रीतीने. आई साताऱ्यात, मुलगा पुण्यात. विजेचं बिल, गॅस, रेल्वेचं तिकीट सगळं मुलगा करणार, पण नंबर आईच्या मोबाइलवर. मग फोन: "आई, ओटीपी आला का? वाच बघू." आई चष्मा शोधते, मेसेज उघडते आणि एकेक आकडा सावकाश सांगते. हा नंबर कुणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. तेवढं सोडून ती सगळं वाचते. अशी लाखो घरांना आकडे फोनवर मोठ्याने वाचायची सवय लागली, आणि भामट्यांनी नेमकी तीच हेरली.

झारखंडमधलं जामताडा त्यासाठी देशभर कुप्रसिद्ध झालं. फोनवर स्वतःला बँकेचा मॅनेजर म्हणवणारा माणूस, "आपका कार्ड बंद होनेवाला है" ही धमकी, आणि पाठोपाठ ओटीपीची मागणी. 2020मध्ये नेटफ्लिक्सवर 'जामताडा' मालिका आली, तोवर हे नाव मराठी घरांतही धाक घालायला वापरलं जाऊ लागलं होतं.

ग्राहक पूर्ण सावध असला तरी बँक लुटली जाऊ शकते, हे पुण्याने 2018मध्ये पाहिलं. 11 ऑगस्टला दुसरा शनिवार होता, बँकांना सुट्टी. एटीएमच्या व्यवहाराला होकार-नकार देणारी कॉसमॉस बँकेची यंत्रणा हॅकरांनी बाजूला सारली आणि स्वतःचा बनावट होकार मध्ये बसवला. मग 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी निघाले. देशातून, कोल्हापूरच्या एटीएमसकट, अडीच कोटी गेले. सोमवारी 13 तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्गे हाँगकाँगला आणखी 13.92 कोटी. एकूण 94.42 कोटी, आणि एकाही खातेदाराला ओटीपी विचारायची गरज पडली नाही. नुकसान बँकेचं झालं, ठेवीदारांची खाती शाबूत राहिली. 2023मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. त्यातले बहुतेक पैसे काढून नेणारे हात होते.

नुकसान कुणाचं, याची आखणी रिझर्व्ह बँकेने जुलै 2017मध्येच केली होती. चूक बँकेची असेल तर भार बँकेवर. चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला काही सोसावं लागत नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. साताऱ्याच्या आईसारख्यांवर नियमांचा हा शेवटचा भाग उलटतो.

ओटीपी न सांगताही तो पळवता येतो, हे 2018च्या डिसेंबरात माहीमच्या एका व्यापाऱ्याला कळलं. रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी फोनचं सिम बंद, आणि खात्यातून 1.86 कोटी गायब. त्याच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलं होतं, आणि ओटीपी त्यावर जात होते. आता त्याच नंबरचं नवं सिम घेतल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. लोक वैतागतात, पण कारण हे आहे.

दरम्यान पैसा धावू लागला. पूर्वी रात्री एनईएफटी बंद असे. डिसेंबर 2019पासून ती चोवीस तास झाली, वर्षभराने आरटीजीएसही. यूपीआय तर 2016पासूनच अर्ध्या रात्रीही चाले. भामट्यांनाही हा वेग सोयीचा झाला. जुनं कपाट विकायला काढलेल्या माणसाला 'फौजी' गिऱ्हाईक फोन करी आणि पैसे पाठवण्याऐवजी पैसे मागणारी विनंती पाठवी. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागतच नाही, हे ठाऊक नसलेला विक्रेता पैसे 'स्वीकारायला' पिन टाकून मोकळा. दोन व्यक्तींमधल्या या विनंत्या अखेर 1 ऑक्टोबर 2025पासून बंद झाल्या. तोवर किती कपाटं अशी 'विकली' गेली असतील!

2024मध्ये तर ओटीपीची भानगडच उरली नाही. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये मुंबई पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो. तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. मग निवृत्त गृहस्थ स्वतःच शाखेत जातो, ठेव मोडतो, आरटीजीएसचा फॉर्म भरतो. सही खरी, माणूस खरा, खातंही त्याचंच. इथे कुठलंही कुलूप तुटत नाही. त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, अशी अटक कायद्यातच नाही.

त्यामुळे आता भर पैसे अडवण्यावर आहे. 1930 या क्रमांकावर तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायची धडपड सुरू होते. भाड्याने घेतलेल्या चार-पाच खात्यांतून रक्कम फिरून एटीएमबाहेर पडायच्या आत हे व्हावं लागतं, म्हणून पहिला तास मोलाचा. खोटी संकेतस्थळं ओळखू यावीत म्हणून बँकांच्या संकेतस्थळांचे पत्तेही 'बँक डॉट इन'वर आले, त्यासाठी मुदत होती 31 ऑक्टोबर 2025. आणि ओटीपी? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025च्या नियमांनुसार 1 एप्रिल 2026पासून दोन टप्प्यांची ओळख सक्तीची राहते, पण दुसरा टप्पा एसएमएसचाच हवा असं नाही. बोटाचा ठसाही चालेल. तो आईला फोनवर वाचून दाखवता येणार नाही, मग तिकीट काढायला पुण्याच्या मुलाला साताऱ्याला यावं लागेल.