मोठं कटर घेताना

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ येऊन गेलं. चेनसॉ, म्हणजे कोकणात ज्याला सगळे कटरच म्हणतात, तो एरवी लाकूडतोडीच्या ठेकेदाराकडचा ऐवज. आता तो बागायतदारांच्या पडवीतही दिसू लागला. बहुतेकांकडे ४०-४५ सीसीचं इंजिन आणि १६ इंची पट्टी. काजूच्या फांद्या उतरवायला, सुरूच्या फाट्यांचे तुकडे करायला एवढं पुरतं. मग कधी तरी रायवळ आंबा कोसळतो, पाखाडीवर आईन आडवा पडतो, किंवा पडलेल्या फणसाच्या फळ्या काढाव्यात असं मनात येतं, आणि मोठ्या कटरची चौकशी सुरू होते. दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती इंची देऊ?”

हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. लाकूड कापते ती पट्टी नव्हे. पट्टी ही नुसती चेनला धावायची वाट आहे. कापतात ते चेनवरचे दात, आणि इंजिनाचं काम एकच, ते दात लाकडात असतानाही त्यांचा वेग पडू न देणं.

चेन हातात घेऊन एक दात जवळून पाहा. त्याचे दोन भाग दिसतील. मागे वळलेलं धारदार पातं आणि पुढे एक बुटका उंचवटा, त्याला डेप्थ गेज म्हणतात. उंचवटा पात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटरने ठेंगणा असतो. पात्याने किती खोल चावा घ्यायचा हे तो ठरवतो. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, त्यामुळे दोन्ही कडा कापल्या जाऊन मधला ढलपा बाहेर पडतो. ही रचना अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली, तीही लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे डावे-उजवे जबडे पाहून. आपल्याकडे आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड त्याच कुळातला. बागायतदाराचा हाडवैरी आणि त्याच्या हातातलं कटर यांचं असं नातं आहे.

आता दात मोजू. मोठ्या कटरवर बहुधा ३/८ पिचची चेन असते. तिच्यात दर दीड इंचाला एक दात येतो. १२ इंची ओंडक्यात एका वेळी ८ दात काम करतात, २४ इंचीत १६. म्हणजे जाडी दुप्पट झाली की इंजिनावरचा भारही साधारण दुप्पट होतो. ४५ सीसीच्या मशीनला २४ इंची पट्टी बसवता येईलही, पण सोळा दात ओढायची ताकद तिथे नाही. चेन मंदावते, क्लच घसरून तापतो आणि माणूस जोर लावून मशीन दाबत बसतो.

पण मोठं मशीन घेण्याआधी जुन्याच मशीनची चेन एकदा नीट घासून पाहा. ‘ताकद कमी पडते’ ही तक्रार पुष्कळदा बोथट दातांची असते. ओला ओंडका आडवा कापताना जाड ढलपे उडाले तर धार आहे, पिठासारखा भुसा आला तर नाही. पाकिटावर सांगितलेल्या मापाची गोल कानस घ्यायची, दाताच्या वरच्या पात्याशी ३० अंशांचा कोन धरायचा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. तीन-चार वेळा घासून झालं की डेप्थ गेजही सपाट कानशीने उतरवायचा. हे कुणी करत नाही, आणि मग नवी धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. वाळलेला आईन, साग, नारळाचं खोड धार फार लवकर खातात. सागात सिलिका असतो आणि नारळाचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा कितीतरी कठीण. माती लागलेल्या ओंडक्याबद्दल तर बोलायलाच नको.

धार चोख असूनही मशीन दमत असेल तर मोठं घ्यायची वेळ आली. इथे सीसीपेक्षा किलोवॅट विचारा. हुस्कवर्नाचं ४५५ रँचर ५५.५ सीसीचं आणि २.६ किलोवॅटचं. स्टिलचं एमएस २६१ त्याहून लहान, ५०.२ सीसी, पण ताकद ३ किलोवॅट, आणि वजनाला जवळजवळ किलोभर हलकं. एक घरगुती-शेतीच्या वर्गातलं, दुसरं रोज आठ तास झाडं पाडणाऱ्यांसाठी बांधलेलं. फरक किमतीतही दिसतो. बाजारात ‘५८ सीसी, २२ इंची’ म्हणून जी स्वस्त मशीन मिळतात त्यांच्या खोक्यावर किलोवॅटचा आकडा शोधा. नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्यालाही सांगता आला नाही तर मी ते मशीन घेणार नाही.

जळणासाठी निवड सोपी आहे. वर्षाचं सरपण काढायचं तर ओंडके बहुतेक फूट-दीड फुटाचे, ५० ते ६० सीसी आणि १८ इंची पट्टी झाली की पुरे. जमिनीवरचं काम, त्यामुळे वजनाचा फारसा प्रश्न येत नाही.

वाट मोकळी करायची तर गणित उलटं होतं. पाखाडीवर किंवा डोंगरातल्या पायवाटेवर पडलेल्या झाडापर्यंत मशीन खांद्यावरून न्यायचं असतं. माहितीपत्रकातलं वजन पट्टी, चेन, पेट्रोल, ऑइल धरून नसतं. सहा किलोंचं ७० सीसी मशीन २० इंची पट्टीसकट टाकी भरून उचललं की साडेआठ किलोंच्या आसपास जातं, वर पेट्रोलचा कॅन, पाचरी, कोयता वेगळा. त्यामुळे वाटेच्या कामाला मी ताकदीआधी वजन पाहीन. इथे ५० सीसीचं हलकं, व्यावसायिक वर्गातलं मशीन ७० सीसीच्या धुडापेक्षा जास्त काम देतं.

वाटेवरचं झाड कापायला उभ्या झाडाहून अवघड, कारण ते ताणलेलं असतं. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल तर खोडाची वरची बाजू दाबलेली असते, खालची ताणलेली. वरून कापत गेलात की फट मिटते आणि पट्टी आत जखडते. वरून साधारण एक तृतीयांश जाऊन थांबायचं, कापात प्लॅस्टिकची पाचर ठोकायची, मग उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर याच्या बरोबर उलट. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापताच बुंधा मुळांच्या वजनाने ताडकन उभा राहू शकतो, तेव्हा मुळांनी केलेल्या खड्ड्यात किंवा त्याच्या कडेला कुणी उभं नको. पट्टी कितीही काळजी घेऊन कधीतरी अडकतेच. ती सोडवायला दुसरं कटर लागतं. जुनं लहान मशीन विकू नका म्हणतो ते यासाठी.

राहिल्या फळ्या. आठवत राहतात त्याच, आणि मशीन निवडताना सगळ्यात जास्त चकवतातही त्याच. जाडजूड ओंडका आडवा ठेवून त्यावर अलास्कन मिल नावाची चौकट बसवतात. ती पट्टीला दोन्ही टोकांशी पकडते आणि ठरलेल्या जाडीवर कटर ओंडक्याच्या लांबीने सरकवता येतं. पहिला काप सरळ येण्यासाठी वर शिडी किंवा सरळ फळी ठोकून तिच्यावरून चौकट न्यायची, पुढचे काप आधीच्या सपाट पृष्ठभागावरून. चौकटीच्या पकडी तीन-चार इंच खातात, म्हणून २४ इंची पट्टीवर हाती येणारी रुंदी सुमारे २० इंच.

इथे इंजिनाला एवढा त्रास का होतो? कारण कापाची दिशा. ओंडक्याचे तंतू लांबीने असतात, आणि मिलमध्ये प्रत्येक दाताला त्या तंतूंची टोकं समोरासमोर छाटत पुढे जावं लागतं. ढलपा सुटत नाही, बारीक भुसाच पडतो. बोथटपणाची जी खूण वर सांगितली ती इथे लागू नाही. अशा कामासाठी दाताचा कोन ३० ऐवजी १० अंश ठेवलेली वेगळी चेन मिळते. तिने काप सावकाश होतो, पण फळी गुळगुळीत येते. दात कमी ठेवलेल्या स्किप चेनही असतात. रुंद कापात त्या इंजिनाचा भार कमी करतात.

दुसरा त्रास उष्णतेचा. जळण कापताना मशीन काही सेकंद जोर लावतं आणि श्वास घेतं. मिलमध्ये ते मिनिटामागून मिनिट फुल थ्रॉटलवर राहतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नाही, पेट्रोलमधून येईल तेवढंच. मिश्रण थोडंही पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, की पिस्टन धरतो. कार्बोरेटरला हाताने फिरवायचा स्क्रू असेल तर या कामापुरतं मिश्रण जरा घट्ट ठेवावं. हवेत फुल रेस दिली की आवाज किंचित फुटका यायला हवा आणि लाकडात शिरताच साफ व्हायला हवा. काप संपला की लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू द्यायचं. सिलिंडरच्या पंख्यांमध्ये बसलेला भुसा आणि एअर फिल्टर दर थांब्याला झटकायचा. ओंडक्याची एक बाजू थोडी उंच ठेवून उताराने काप नेला की दाबायला लागत नाही, कापामागे छोट्या पाचरी घालत गेलं की फळी खाली बसून चेन धरत नाही.

ओला फणस किंवा आंबा १८-२० इंचापर्यंत ६० ते ७० सीसीने निघतो. स्टिलचं एमएस ४६२ हे ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट, ६ किलोचं मशीन या पट्ट्यातलं. त्याच रुंदीचा वाळलेला साग किंवा आईन असेल तर ९० सीसीचा वर्ग हवा. एमएस ६६१ मध्ये ९१.१ सीसी आणि ५.४ किलोवॅट मिळतात, पण ते पट्टीशिवायच ७.४ किलोचं आहे आणि जळणाला रोज वापरायचं म्हटलं तर कंबर बोलू लागते. माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून एखादा ओंडका फाडायचा म्हणून ९० सीसी घेऊ नये. ७० सीसीच्या आसपासचं एक मशीन आणि त्यावर दोन पट्ट्या, रोजची १८ किंवा २० इंची आणि फळ्यांसाठी २४ इंची, हाच बहुतेकांचा मध्यममार्ग. वाटेच्या कामाला जुनं लहान आहेच. तीन-चार फुटी रायवळाच्या बुंध्यासाठी मशीन शोधत बसू नका, तो सॉ मिलवाल्याकडे द्या.

आणखी एक हिशेब. चेनचा काप सुमारे ८ मिलिमीटर रुंद पडतो. चार कापांत एका इंची फळीहून जास्त लाकूड भुशात जातं. फणसाचं एक वेळ चालेल, सागाचं परवडत नाही. सॉ मिलच्या बँडसॉचा काप याच्या चौथाईच्या आसपास. आंब्याचा ओंडका पावसाभर पडून राहिला तर काळसर डाग आणि कीड हमखास, त्यामुळे तो आधी फाडून फळ्या शेडमध्ये, मधे पट्ट्या घालून, टोकांना रंग फासून रचाव्यात. साग, आईन, किंजळ, आंबा, फणस, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियंत्रण कायद्याच्या यादीत आहेत. पडलेलं झाड असलं तरी कापण्याआधी आणि गाडीत घालण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्यावं.

इंधनाचं प्रमाण कंपनी सांगेल तेच, बहुधा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑइल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा आगोटीला टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल जाळून मगच मशीन ठेवा. चेनसाठी गाडीचं जळकं ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे. त्यातले धातूचे कण पट्टीची खाच झिजवतात आणि ते अंगावर उडतं ते वेगळंच.

मोठ्या मशीनबरोबर संरक्षक पँटही बदलावी लागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. या पँटच्या आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, अडवतात. किती वेगाच्या चेनला अडवायचं यावरून तिचे वर्ग ठरतात. वर्ग १ सेकंदाला २० मीटरला, वर्ग २ चोवीसला, वर्ग ३ अठ्ठावीसला. सात दातांचं ३/८ पिचचं स्प्रॉकेट मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर चेन सेकंदाला २२ मीटरने धावते. लहान मशीनबरोबर घेतलेली वर्ग १ ची पँट तिथेच कमी पडली. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की कटर उलटून तोंडाकडे येतं, ते मोठ्या मशीनचं जास्त जोराने येतं. चेनचा ब्रेक चालतो की नाही हे दुकानातच, मशीन सुरू करायला लावून तपासा. त्याच वेळी त्या कंपनीचा पिस्टन, क्लच आणि ऑइल पंप तालुक्याच्या गावी मिळतो का, हेही विचारून घ्या. मिळत नसेल तर मशीन कितीही चांगलं असो, जूनमध्ये झाड पडेल तेव्हा ते दुरुस्तीच्या दुकानात असेल.