८४ बोल्ट आणि एक सही

दोस्तांनो, तुमच्या कंपासपेटीतली पेन-पेन्सिल जरा बाहेर काढा. तिच्यातलं शिसं ०.७ मिलिमीटर जाडीचं असेल, नाही का? आता एक खरी गोष्ट सांगतो. साधारण तेवढ्याच फरकाची.

१० जून १९९० ची सकाळ. ब्रिटिश एअरवेजचं एक जेट विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालं. ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी. विमान १७,३०० फुटांवर पोचलं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून जास्त उंच. आणि धाडकन कॅप्टनसमोरची काचच उडून गेली! आतली हवा बाहेर धावली आणि तिच्याबरोबर कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. एका कर्मचाऱ्याने झेप घेऊन त्यांना घट्ट धरलं. तो दमला तेव्हा दुसऱ्यांनी धरलं. सहवैमानिकाने विमान कसंबसं साऊदॅम्प्टनला उतरवलं. सगळेच्या सगळे ८७ जण वाचले. हो, कॅप्टनसुद्धा! काही महिन्यांनी ते पुन्हा विमान चालवू लागले.

चौकशी झाली. उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच बदलली होती. काच धरून ठेवायला ९० बोल्ट. त्यांतले ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा ०.६६ मिलिमीटर बारीक निघाले! उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी.

तुम्हाला वाटेल, कोणी नवशिक्याने बसवले असतील. छे! बसवणारा चांगला अनुभवी होता. रात्रपाळी होती, माणसं कमी होती, म्हणून त्याने काम स्वतःच अंगावर घेतलं. जुना बोल्ट हातात धरला आणि नवे बोल्ट नजरेने जुळवले. भांडारातल्या माणसाने बरोबर माप सांगितलंही होतं. पण पुस्तकात भागाचा नंबर पाहायचा राहिला. त्यातून जुन्या काचेचे बहुतेक बोल्टही मुळात चुकीचेच होते. आणि दुसऱ्या कोणी हे काम तपासलंच पाहिजे, असा नियम या कामाला नव्हता.

विमानांच्या देखभालीचं शिक्षण देणाऱ्या वर्गांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. या शिक्षणाला आपल्याकडे 'एएमई' म्हणतात, एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरिंग. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्यांना इथे प्रवेश मिळतो. दोन मोठे रस्ते आहेत. 'बी-१' म्हणजे इंजिन, पंख, चाकं, सांगाडा. 'बी-२' म्हणजे एव्हिऑनिक्स. विमानातली वीज, रेडिओ, रडार, ऑटोपायलट, उंची-वेग दाखवणारी यंत्रं, सगळं त्यात आलं.

परीक्षेची गंमत ऐका. दहावीला आपण ३५ गुणांना पास होतो. इथे प्रत्येक विषयात ७५ टक्के लागतात. ७४ मिळाले तरी नापास! गणित, इलेक्ट्रॉनिक्स, कायदे यांच्या जोडीला एक विषय चक्क माणसावर आहे. झोप न झालेला माणूस काय चुका करतो, घाईत काय विसरतो, वरिष्ठांना 'हे चुकतंय' म्हणायला का कचरतो, हे सगळं त्यात शिकायचं. मला तर वाटतं, हा विषय शाळेतसुद्धा असावा.

कार्यशाळेत गेलात की पहिले काही दिवस विमानाला हात लावायला मिळेल, ही आशा सोडा. कानस घेऊन धातूचा तुकडा मापात घासायचा. ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर रिव्हेट मारायचे. मग लॉकवायर. बोल्टच्या डोक्याला भोक असतं. त्यातून बारीक तार ओवून ती अशी पिळायची की बोल्ट सैल होऊ लागला, तर तारेने त्याला उलट आवळण्याच्याच दिशेला ओढावं. पीळ चुकला की कापा आणि नव्याने करा. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती काढलेली असते. काम संपल्यावर एक जागा जरी रिकामी दिसली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

आता एव्हिऑनिक्स. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं पाहिलंय? वर हवेचा दाब कमी होतो, म्हणून. विमानही आपली उंची याच दाबावरून ओळखतं. त्यासाठी त्याच्या अंगावर बारीक छिद्रं असतात. १९९६ साली पेरू देशात एक विमान धुताना त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली, ती काढायची राहून गेली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना खरी उंची कळेना, वेग कळेना. विमानातले ७० जण गेले. यंत्रं बिघडलेली नव्हती, त्यांच्यापर्यंत बाहेरचा दाब पोचतच नव्हता.

जाहिरातींत या इंजिनीअरांना 'विमानांचे डॉक्टर' म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. डॉक्टरकडे आपण दुखायला लागल्यावर जातो. इथे दुखायच्या आतच ठरलेल्या तासांनी विमान उघडून पाहायचं असतं. काम झालं की कागदावर सही होते, 'हे विमान उडायला योग्य आहे'. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही.

आई-बाबांनो, आता जरा तुमच्याशी. संस्थेचं प्रमाणपत्र किंवा विद्यापीठाची पदवी हातात आली, म्हणजे सही करायचा अधिकार मिळाला असं नाही. तो अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या लायसन्सने येतो. त्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि खऱ्या विमानांवर केलेल्या कामाचा अनुभव, दोन्ही लागतं. पुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा प्रत्येक जातीच्या विमानाचं शिक्षण वेगळं. फी मोठी असते. म्हणून पैसे भरायच्या आधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, मान्यता बी-१ची आहे की बी-२ची आणि तिची मुदत कधीपर्यंत आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माहितीपत्रकावरच्या विमानाच्या चित्रावर जाऊ नका. आणखी एक विचारा: मुलांना प्रत्यक्ष काम कुठे करायला मिळणार? आपल्या नागपूरला मिहानमध्ये मोठमोठी प्रवासी विमानं तपासणीला येतात. तशा जागी उभं राहायला मिळणार, की वर्गातल्या फळ्यावरच सगळं?

आणि मुलांनो, रात्रपाळीची, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांची तयारी असेल, तर अकरावीला गणित सोडू नका. वर्गात पोचलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तुमच्या हातात दोन बोल्ट ठेवेल आणि विचारेल, "सारखे आहेत का?" घाईने उत्तर देऊ नका. आधी मोजपट्टी मागा.