कुनियोशीचा सांगाडा

तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की चित्र पुरे होते. डावीकडे हातात गुंडाळी धरून मंत्र म्हणणारी राजकन्या ताकियाशा, मध्ये झुंजणारे वीर आणि फाटका पडदा सारून त्यांच्यावर वाकलेला अजस्र सांगाडा. उतागावा कुनियोशीने (1798–1861) हे चित्र 1844 च्या सुमारास एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काढले. ताकियाशाचा बाप मासाकादो हा 940 मध्ये मारला गेलेला बंडखोर सरदार. त्याच्या सुडासाठी ती पडक्या वाड्यात भुते जागवते. सान्तो क्योदेनच्या 1806 च्या कादंबरीत तिथे पुष्कळ सांगाडे येतात. कुनियोशीने त्यांचा एकच केला. त्याची प्रतिभा मला या निर्णयात सर्वांत स्पष्ट दिसते.

हे चित्र लाकडी ठशांनी छापलेले आहे आणि असे काम एकट्याचे नव्हते. पैसा प्रकाशकाचा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून त्यावरूनच लाकूड कोरी, त्यामुळे मूळ रेखाटन कोरताकोरताच नाहीसे होई. मग प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठसा. छपाईवाला ओलसर कागद फळीच्या कोपऱ्यातल्या खाचेला टेकवून ठेवी आणि 'बारेन' नावाच्या चपट्या गोल गादीने पाठीमागून घासे. कागद केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जाई.

1842 मध्ये सरकारने नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी घातली. पुराणातले वीर आणि राक्षस मात्र चालत होते. पुढच्याच वर्षी कुनियोशीने दंतकथांतला आजारी वीर योरिमित्सु आणि त्याला छळणारा राक्षसी भूकोळी रंगवला. अंधारात भुतांची फौज उभी आहे. लोकांनी त्या आजाऱ्यात सरकारचा प्रमुख, म्हणजे शोगुन, ओळखला आणि भुतांमध्ये नव्या कायद्यांनी गांजलेली स्वतःची माणसे. चित्राची एवढी चर्चा झाली की घाबरलेल्या प्रकाशकाने प्रती मागे घेऊन ठसे नष्ट केले. भुताखेतांच्या चित्रांना निव्वळ करमणूक म्हणणाऱ्यांनी ही हकिगत विसरू नये.

कुनियोशीचा शिष्य योशितोशी याने 1889 मध्ये छत्तीस भुतांची मालिका सुरू केली. त्याची भुते गुरूच्या भुतांहून अबोल आहेत, पण जास्त वेळ मनात राहतात. 1892 मध्ये तो वारला.

सांगाड्याच्या चित्राची एक प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुस्तकात ते चित्र भेटले, तर कागदांचे सांधे शोधा: सांगाडा एका कागदावर मावलेला नाही.