मुंग्यांवर पावडर, ढेकण्याला मोकळं रान

आजरा, चंदगड, भुदरगडच्या काजूबागांत मोहराच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : तांबड्या मुंग्यांनी मोहर खाल्ला. मग पानं शिवून बांधलेली त्यांची घरटी काठीनं पाडायची, पेटवायची, बुंध्याभोवती कीटकनाशकाची पावडर टाकायची. वाळलेल्या मोहरावर मुंगी फिरताना दिसली, एवढाच तिच्याविरुद्धचा पुरावा!

मोहर वाळवतो तो ढेकण्या, म्हणजे टी मॉस्किटो बग. कोवळे फुटवे, मोहराचे देठ, लहान बिया यांत सोंड खुपसून तो रस शोषतो. त्याच्या लाळेनं तिथला भाग मरतो, काळा चट्टा पडतो आणि मोहर करपतो. तांबडी मुंगी त्याच फांद्यांवर शिकारीसाठी हिंडत असते. ढेकण्याची पिल्लं ती उचलून नेते, प्रौढांना टिकू देत नाही. खात्री करायची असेल, तर रेंकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या संशोधकांचं १९९० च्या दशकातलं काम पाहावं. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत याच जातीच्या मुंग्या भरपूर असलेल्या झाडांवर ढेकण्याच्या तिथल्या भाऊबंदांनी केलेलं नुकसान कमी आढळलं. चीनचे संत्रा बागायतदार तर शेकडो वर्षं ही घरटी विकत घेत आणि मुंग्यांना झाडाझाडांवर जाता यावं म्हणून बांबूचे पूल बांधत.

मुंगी कडकडून चावते, हे खरं. गोड द्रावासाठी ती पिठ्या ढेकूण आणि खवले कीड सांभाळते, हेही खरं. पण चाव्यामुळे काढणी अडत नाही : पक्व बोंडं आपोआप गळतात, बी जमिनीवरून वेचता येते. एखाद्या घरट्यानं मात्र भागत नाही, झाडभर वावर हवा. दोन वसाहतींच्या मुंग्या एकमेकींवर तुटून पडतात, म्हणून एकाच वसाहतीची झाडं दोरीनं जोडावीत.

आणि औषधाचा हट्ट कुठे नेतो? केरळात कासरगोडच्या काजूबागांवर याच ढेकण्यासाठी हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं गेलं, २००० पर्यंत. गावंच्या गावं आजारपणं भोगत राहिली. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये.

‘मित्रकीटक पुस्तकात ठीक’ असं निदान कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. २००२ नंतर उसावरचा लोकरी मावा आटोक्यात आणण्यात कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस या कीटकांचा मोठा वाटा होता. शेतकऱ्यांनी ते एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले होते.

दुकानात ‘जैविक’ म्हणून मिळणारा ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीवर चालतो, ढेकण्यावर नाही. ट्रायकोकार्डही इथे निरुपयोगी : त्यातले परोपजीवी पतंगांची अंडी शोधतात, ढेकण्याची मादी अंडी देठाच्या आत घालते. धुक्यानं मोहर जळाला म्हणण्याआधी देठावरचे काळे चट्टे पाहावेत. खोड पोखरणाऱ्या रोठ्यावरही वरून फवारून उपयोग नाही, अळी सालीखाली असते. बुंध्याशी भुसा दिसताच साल तासून अळी काढावी, आणि मेलेलं झाड बागेत ठेवू नये, पुढचे भुंगेरे त्यातूनच निघतात.