प्लास्टिकच्या हाडांची शाळा

शनिवारी संध्याकाळी कॅनॉटला भेटायचा प्लॅन ठरतो आणि ग्रुपमधला एकच जण ऐनवेळी कटतो. कारण काय, तर 'सीएमई आहे'. समजून जायचं, स्वारी ऑर्थोपेडिक्सला रेसिडेंट आहे!

सीएमई म्हणजे कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन. डिग्री हातात आली तरी डॉक्टरचा अभ्यास संपत नाही, हा त्यामागचा साधा फंडा. आपल्याकडे तर तो नियमच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं, तर तेवढ्या काळात ३० क्रेडिट पॉइंट्स जमवावे लागतात.

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्याला आठवतो एसी हॉल, गळ्यातलं आयकार्ड, फुकटची बॅग आणि लंचमधलं पनीर. हे सगळं असतंच हो! पण मला विचाराल तर खरी गंमत बाजूच्या वर्कशॉपमध्ये असते. तिथे टेबलावर घट्ट अडकवलेलं मांडीचं हाड असतं, प्लास्टिकचं. बाहेरून टणक, आतून फोमसारखं. ते कापायचं, तुकडे जुळवायचे, वर प्लेट ठेवायची, ड्रिलने भोक पाडायचं, खोली मोजायची आणि स्क्रू पिळायचा. ४.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ३.२ मिलिमीटरचं भोक. सुतारकामच म्हणा ना!

फरक एवढाच, की सुताराच्या फळीमागे रक्तवाहिनी नसते. ड्रिल हाडाच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडतं, त्या क्षणी हात थांबला पाहिजे. नाही थांबला तर पुढे रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. हे थांबणं कुठल्याच स्लाइडवरून शिकता येत नाही. ते हातालाच कळावं लागतं. आणि पहिल्यांदा चुकायचंच असेल, तर प्लास्टिकवर चुकलेलं बरं.

ही कल्पना तशी जुनीच. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जन्सनी 'एओ' नावाचा गट स्थापन केला. मोडलेल्या हाडासाठी तेव्हा बहुतेकदा प्लास्टर, नाहीतर वजनं लटकवून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहणं. यांचं म्हणणं, हाड प्लेट-स्क्रूने पक्कं बसवा आणि सांधा लवकर हलवा. पण तंत्र चुकलं तर पेशंटचंच नुकसान. म्हणून १९६० मध्ये त्यांनी दावोसला कोर्स सुरू केला आणि सर्जन्सना प्रत्यक्ष हाडांवर हात चालवायला लावलं. आज असे कोर्स भारतातही होतात. शिवाय महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशन आणि बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटी यांच्या वार्षिक परिषदा आहेतच.

पण यात आपल्या छत्रपती संभाजीनगरला काय? १९५६ मध्ये सुरू झालेलं इथलं सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे आपली घाटी. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडूनही इथे पेशंट येतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही शहराजवळूनच जातो. भरधाव गाडीच्या अपघातात हाड नुसतं मोडत नाही, कधीकधी त्याचा चुरा होतो. तो चुरा जुळवायला सरावलेला हात लागतो.

आणि ज्याला या सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्या रेसिडेंटलाच तिथे पोचणं अवघड. इमर्जन्सी ड्यूटी, रजेसाठी मिनतवाऱ्या, स्टायपेंडमधून कॉन्फरन्सची फी, तिकीट आणि लॉजचं भाडं. वर्कशॉपच्या सीट्स मोजक्याच. इम्प्लांट कंपनीनेच तिकीट काढून दिलं तर? पण कंपन्यांच्या पैशाने प्रवास आणि पाहुणचार घ्यायला मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ मध्येच डॉक्टरांना मनाई केली. योग्यच झालं. स्क्रू विकणाराच स्पॉन्सर असेल, तर कुठला स्क्रू चांगला हे मोकळेपणाने कोण सांगणार?

मग रेसिडेंट तिकडे जाऊ शकत नसेल, तर वर्कशॉपच कॉलेजात आणायला काय हरकत आहे? सेमिनार, जर्नल क्लब आणि केस प्रेझेंटेशन अभ्यासक्रमात आहेतच. त्यांच्या जोडीला महिन्यातली एक दुपार, चार प्लास्टिकची हाडं आणि एक ड्रिल. कोर्स करून आलेल्या सीनियरने ज्युनियरला शिकवायचं, बस्स. याचे क्रेडिट पॉइंट्स मिळोत न मिळोत. वॉर्डात पाय वर टांगून पडलेल्या पेशंटला डॉक्टरचे पॉइंट्स मोजायचे नसतात. त्याला आपल्या पायावर घरी जायचं असतं.