विश्लेषण : रोहितचे लाल पंख उडतानाच का दिसतात? ते टिपायचे कसे?

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी हे तलाव हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी ओळखले जातात. पाणी उथळ असेल तेव्हा येथे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. मात्र लाल पंखांचा फोटो मिळावा म्हणून थवा मुद्दाम उठवण्याचा मोह अनेकांना होतो. पिसांची रचना समजून घेतली तर त्याची गरज पडत नाही.

रंग कोठे लपलेला असतो?

उभा असलेला मोठा रोहित पांढरट-गुलाबी दिसतो. पंख उघडताच लाल पट्टा आणि काळी कड दिसते. लाल भाग आच्छादक पिसांचा. ही पिसे कौलांसारखी एकावर एक बसून पंखाला गुळगुळीत आकार देतात. हा रंग शेवाळ आणि सूक्ष्म जीवांच्या आहारातील कॅरोटिनॉइडमुळे येतो. काळी लांब पिसे उड्डाणाची. त्यांतील मेलॅनिनमुळे ती कणखर होतात आणि कमी झिजतात.

उड्डाणपिसे काय करतात?

टोकाकडची प्राथमिक पिसे पुढे जाण्यासाठी जोर देतात, तर आतली दुय्यम पिसे पक्ष्याला हवेत तोलून धरतात. सांगलीत कृष्णेच्या घाटावर घिरट्या घालणारी घार पाहिली, तर बोटांसारखी फाकलेली प्राथमिक पिसे आणि सुकाणूसारखी वळणारी शेपटी स्पष्ट दिसते. सरावासाठी घारीसारखा पक्षी नाही.

फोटो कसा काढावा?

सकाळी सूर्य पाठीशी ठेवावा. रोहित वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत उडतो. त्यामुळे वाराही पाठीमागून येत असेल तर पक्षी समोर येतो. कॅमेऱ्याचा शटर वेग १/१६०० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवावा. मोबाइलवर बर्स्ट मोड वापरावा. पांढरी पिसे पांढरीफटक दिसत असतील तर एक्स्पोजर थोडे कमी करावे.

थवा का उठवू नये?

दोन ते चार किलोच्या या पक्ष्याची उड्डाणात बरीच ऊर्जा खर्च होते आणि खाण्याचा वेळही जातो. सतत त्रास झाला तर थवा जागाच सोडतो. पक्ष्यांनी खाणे थांबवून माना उंचावल्या की मागे सरकावे. ड्रोन तर नकोच. विश्रांती घेताना रोहित अधूनमधून पंख ताणतो. तेव्हा तोच लाल रंग उभ्या जागी टिपता येतो. त्यासाठी लागतो तो फक्त संयम.