सावलीतला पडदा

आमच्या परसात कडुनिंबाच्या बुंध्यापाशी एक दगडी ओटा आहे. घर बांधलं तेव्हा कपडे धुण्यासाठी केलेला. पुढे वॉशिंग मशीन आलं, ओटा रिकामा झाला आणि आमच्या सासूबाईंनी तो ताब्यात घेतला. सकाळची कामं उरकली की भाजीची परडी, अडकित्ता नि पानाचा डबा घेऊन त्या तिथं बसायच्या. न्हाल्यावर केस वाळवायचे तिथं, शेंगा फोडायच्या तिथं आणि कुणावर रागावल्या तरी जाऊन बसायचं तिथंच. मी त्यांना आईच म्हणते. 'आई कुठायत?' असं आमच्या घरात कुणी विचारायचं नाही, सरळ मागचं दार उघडायचं.

2017 साली मागच्या रिकाम्या प्लॉटवर चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, जुन्या बंगल्यांच्या वसाहतींचं असंच होत आलंय. खाली पार्किंग, वर बाल्कन्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या, सगळ्यांची तोंडं आमच्या परसाकडे. त्या माणसांचा काही दोष नव्हता हो. बाल्कनीत उभं राहिलेलं माणूस समोर बघणारच. पण आईंचं केस वाळवणं बंद झालं. मग ओट्यावर बसणंही कमी झालं.

2018 च्या दिवाळीत आई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, मोकळ्या हवेत बसा, नाहीतर पाय आखडतील. मागच्या दारापासून ओट्यापर्यंत सोळा पावलं. चालायला याहून चांगली जागा कुठली? पण आईंनी ठाम नकार दिला. "वॉकर धरून खुरडत चालायचं अन् समद्या बिल्डिंगीनं बघायचं? नको माय." खोलीत भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहायला लागल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ह्यांचं म्हणणं, कंपाउंडवर पत्रे ठोकून टाकू. पत्र्याची भिंत तापली की परसाची भट्टी होणार, म्हणून मी नाही म्हटलं. माझा मावसभाऊ वकील. तो म्हणाला, "ताई, कायदा आहे बरं का. 1882 च्या इझमेंट ॲक्टमध्ये उदाहरणच दिलंय. एखाद्या गावात तसा रिवाज असेल, तर शेजाऱ्याच्या घराच्या आतल्या बाजूवर नजर पडेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही." मी खूश. लगेच पुढे म्हणाला, "पण तो रिवाज कोर्टात सिद्ध करावा लागतो. तोवर आई शंभरीच्या होतील."

मग हिरवी नेट बांधली. ती वाऱ्यानं फडफडून फाटली. एका नर्सरीतून मेंदीची चाळीस रोपं आणि चार बोगनवेली आणल्या. नर्सरीवाल्यानं परसात ऊन किती येतं हे विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. आमच्या परसात कडुनिंब, आंबा, जांभूळ, सगळी सासऱ्यांनी लावलेली, दुपारी बाराला सुद्धा अंधारून आल्यासारखं असतं. मेंदी आणि बोगनवेल दोन्ही उन्हाची लेकरं. तीन महिन्यांत मेंदीच्या नुसत्या काड्या राहिल्या, वर शेंड्याला चार पानं. बोगनवेल उजेड शोधत शेजाऱ्यांच्या हद्दीत गेली. मैत्रिणींनो, पैसे गेले त्यापेक्षा आईंनी खिडकीतून ते सगळं बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

त्यानंतर मी शहाणपणानं वागायचं ठरवलं. कॅलेंडरच्या पाठीमागे परसाचा नकाशा काढला आणि पंधरा दिवस सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारला ऊन कुठे पडतं त्यावर खुणा केल्या. कंपाउंडच्या भिंतीलगत सकाळी दोन-अडीच तास ऊन. ओट्यापाशी पानांतून गळणारे कवडसे. आंब्याखाली काहीच नाही.

दुसरी गोष्ट केली ती जरा धाडसाची. मी सरळ अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंना म्हटलं, "वहिनी, तुमच्या किचनच्या खिडकीतून आमचं परस कसं दिसतं, बघू का?" ती बिचारी इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. "काकू, आम्ही बघत नाही हो," म्हणाली आणि चहा ठेवला.

खिडकीत उभी राहिले आणि थक्क झाले. जाताना मी मुद्दाम लाल टॉवेल ओट्यावर टाकून गेले होते, तो नीट दिसतच नव्हता! निंबाच्या सावलीत नुसता काळोखा डाग. लख्ख दिसत होती ती दारापासून ओट्यापर्यंतची वाट, जिथं कवडसे पडतात ती. वहिनी म्हणाल्या, वरच्या मजल्यांवरून तर तुमच्या झाडांचे शेंडेच दिसतात. म्हणजे वरच्यांना झाडंच आडवी येत होती. फांद्यांच्या खालून आत शिरत होती ती फक्त पहिल्या मजल्याची नजर.

घरी येताना मला आपला बीबी का मकबरा आठवला. दिलरास बानूच्या कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. अशा जाळीमागे अंधार असला की आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. उजेडातून अंधारात डोळा पोचत नाही, एवढंच त्यातलं गुपित. आणि मी सहा महिने सावलीच्या नावानं खडे फोडत होते! आमचा अर्धा पडदा तर सासऱ्यांनी आधीच लावून ठेवला होता. मला दाट भिंत नको होती, विरळ जाळी पुरणार होती.

मग ह्यांना बरोबर घेऊन हिशेब केला. इंजिनिअर माणूस, कागद-पेन्सिल दिली की खूश. खिडकीतल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर. तिथून आमची भिंत दहा फूट, भिंतीपासून ओटा वीस फूट, आणि बसलेल्या आईंचं डोकं चार फुटांवर. भिंतीपाशी आडोसा करायचा तर तो साडेअकरा फूट उंच हवा. तोच आडोसा ओट्यापासून तीन फुटांवर उभा केला तर पाच-सव्वापाच फूट पुरे. म्हणजे आम्ही झाडं चुकीच्या जागी लावत होतो. पडदा कुंपणाला लावायचा नसतो, बसणाऱ्या माणसाजवळ लावायचा असतो. तुमच्याही मागे बिल्डिंग झाली असेल तर रोपं आणण्याआधी एवढं मोजून बघाच.

2019 च्या पावसाळ्यात नव्यानं सुरुवात केली. भिंतीलगत अडुळसा. त्याच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या पावसात खोचल्या तरी फुटतात, अर्धवट सावली चालते, कडू पाला म्हणून शेळ्या तोंड लावत नाहीत. वाटेच्या कडेला एकेरी तगर आणि मधूनमधून कुंती. दोन्ही सावलीत तग धरतात. फुलं उन्हातल्यासारखी लदलदून येत नाहीत, पण पानं दाट राहतात. ती सहा फुटांवर राखली की चालणारा माणूस झाकला जातो. आंब्याखाली जमिनीत काही लावायच्या भानगडीत पडले नाही, तिथं रॅफिस पामच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या.

मोठ्या झाडाखाली खड्डा घेणं हे एक दिव्यच. चार इंच माती, मग मुळांचं जाळं, त्याखाली मुरूम. माळीदादा कुदळ घेऊन सरसावले होते, मी थांबवलं. जाड मूळ लागलं की खड्डा हातभर बाजूला सरकवायचा. म्हणून रोपंही वीतभराचीच घेतली. मोठ्या रोपाची माती भलीमोठी, तिला जागा कुठली? आणखी एक, नवीन माती निंबाच्या बुंध्याला चढू दिली नाही. खोडाशी ओल साठली की साल कुजते.

पाण्याचं काय सांगू! जायकवाडी जवळ असून नळाला पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं ते दिवस. मोठी झाडं सगळं पाणी आधी पिऊन टाकतात, म्हणून सावलीतल्या रोपांना पहिले दोन उन्हाळे हातानं पाणी घालावंच लागतं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं सगळं पाणी बादलीत साठवायचं आणि आळ्यात घालायचं. निंबाचा पाला झाडून टाकणं बंद केलं, तोच रोपांच्या बुडाशी पसरला. साप-विंचवाची शंका आईंना होती आणि ती खोटी नव्हती. म्हणून झुडपांचा खालचा फूटभर भाग कायम मोकळा छाटून ठेवते, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला उपड्या करते. डेंग्यूचा डास तिथंच होतो.

ओट्याजवळ मात्र काय लावायचं हे आईंनी ठरवलं. मी बांबूची तट्टी उभी केली, आई तिला ताटी म्हणतात, आणि तिच्यावर मनीप्लांट चढवणार होते. आई अंथरुणातूनच म्हणाल्या, "पानवेल लाव. बसल्या बसल्या खुडता तरी येईल." बरोबरच होतं. आपल्याकडे पानमळ्यात पानवेल हादगा, शेवगा, पांगारा असल्या झाडांच्या आधारानं सावलीतच वाढवतात. नात्यातल्या एका पानमळ्यातून डोळ्यांची कांडी आणली. शेणखत, ओलावा, पण पाणी साचू द्यायचं नाही. आणि वेल बघायला आई उठल्या. पहिल्या दिवशी चार पावलं, मग आठ. रोपं गुडघ्याएवढी सुद्धा नव्हती, पडद्याचा पत्ता नव्हता, पण पानवेलीला नवं पान फुटलंय का हे बघायला जाणं भाग होतं!

2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा तगर कमरेएवढी झाली होती. मे महिन्याच्या कोरड्या झळांनी पानवेलीच्या कडा करपल्या. ताटीला ओलं गोणपाट गुंडाळून ती जगवली. त्याच दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या वहिनी घरात अडकलेल्या, नवरा कंपनीच्या कामानं दुसऱ्या गावी, पदरात लहान लेकरू. दुपारी खिडकीत यायच्या आणि आईंना विचारायच्या, "आजी, जेवलात का?" आई आधी मान वळवायच्या. मग हुं म्हणायला लागल्या. मग "तू काय केलंस आज?" असं सुरू झालं.

अपार्टमेंटमधल्या काहींनी मधे, तुमच्या निंबाचा पाला आमच्या गाड्यांवर पडतो, झाड तोडा, असा लकडा लावला होता. महाराष्ट्रात शहरातलं झाड, ते स्वतःच्या अंगणातलं असलं तरी, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, तसा 1975 चा कायदाच आहे, असं ह्यांनी सांगितल्यावर विषय थांबला. तेव्हा त्यांच्याच बाजूनं बोलायला नको म्हणून वहिनी खाली येऊन आमच्या ओट्यावर बसल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी ताटी पानांनी भरली. मी आनंदानं उरलेली फट बांधायला सुतळी घेऊन गेले, तर आईंनी हात धरला. "एवढी राहू दे. ती पोरगी कुकर लावला की तिथं उभी ऱ्हाती. ताटी लावली तरी उघडायची सोय पाहिजे. मुक्ताबाईला एवढे अभंग उगीच का करावे लागले?" ती वितभर फट अजून आहे. वेल तिथं आली की आई स्वतः कात्रीनं शेंडा खुडतात. जास्तीची पानं वर जातात, दोरीला बांधलेल्या पिशवीतून.

आता आई चौऱ्याऐंशीच्या आहेत. वॉकर आहेच, सोळा पावलंही आहेत. केस न्हाल्या दिवशी ओट्यावरच वाळतात. अडुळशाचा पश्चिमेचा कोपरा काही भरत नाही, तिथं ऊन फारच कमी. आई म्हणतात, तिथं हळद लाव. हळद थंडीत वाळून जाते, मग दोन-तीन महिने कोपरा उघडा पडेल, असं मी त्यांना सांगितलं.

"मग थंडीत मी तिकडं पाठ करून बसन," म्हणाल्या.